पुंगळीचा जबाब

रायफल नेमबाजीचा विषय निघाला की लोक नळीबद्दल विचारतात, दुर्बिणीबद्दल विचारतात, हात कसा स्थिर ठेवता ते विचारतात. रिकाम्या पुंगळीबद्दल कुणी विचारत नाही. गोळी गेली, पुंगळी पडली, विषय संपला, अशी सर्वसाधारण समजूत. माझं उलट आहे. रायफल माझ्या आयुष्यात बऱ्याच उशिरा आली. पुंगळीची ओळख मात्र कळायला लागल्यापासूनची.

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ साली सुरू झालेला तो कारखाना आमच्या वस्तीत नुसता ‘फॅक्टरी’ म्हणून ओळखला जाई. बाबा तपासणीच्या कामावर होते. तिथली वस्तू घरी येण्याचा प्रश्नच नव्हता, कामाची चर्चाही ते बेतानंच करत. पण माणसाची नजर गेटवर ठेवून येता येत नाही. नवा पितळी डबा घरात आला की बाबा त्याचं झाकण चारही बाजूंनी फिरवून बसवून बघत, कडेवरून अंगठा नेत, आणि मगच तो आईच्या हातात देत. त्यांच्या बोलण्यात दोन मापं सतत येत: ‘गो’ आणि ‘नो-गो’. एक गेज आत गेलंच पाहिजे, दुसरं अडलंच पाहिजे. “बरं आहे, चालेल” हा शेरा त्यांच्या खात्यात नव्हता.

काडतुसाचं पितळ सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असतं, हे मला शाळेत रसायनशास्त्र सुरू होण्याआधी ठाऊक होतं. पितळेची चकती दाबून वाटी करायची, वाटी ओढून लांबवायची, ओढताना धातू कडक होतो म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करायची, पुन्हा ओढायची. शेवटी बूड कडक राहिलं पाहिजे आणि मान मऊ, कारण बुडाला दाब सोसायचा असतो आणि मानेला फुगून नळीच्या भिंतीला चिकटायचं असतं, वायू मागे येऊ न देता. एकाच नगात दोन स्वभाव. बाबा हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे.

पुढे कधीतरी मी वाचलं की इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात एका विचित्र दुखण्यानं छळलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न झाडताच तडकत. वरून काही लागलेलं नाही, पडझड नाही, आणि पितळ उभं चिरलेलं. कारण १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी नीट उलगडून दाखवलं: ओढकामामुळे धातूत ताण उरलेला असतो, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या जागा पोखरतो. ताण घालवायला हलकं तापवावं लागतं. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती या तापवण्याची. बाजारातल्या काडतुसांना घासूनपुसून चकचकीत करतात. लष्कर ती छटा मुद्दाम ठेवतं, म्हणजे मान तापवली आहे हे बघणाऱ्याला कळावं. आजही काडतुसं भरायच्या माझ्या टेबलाजवळ अमोनिया असलेलं एकही पॉलिश येत नाही.

कॉलेजात एनसीसी घेतली आणि पहिल्यांदा पॉइंट टू-टू झाडली. त्या चिमुकल्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असत. त्या पुन्हा भरता येत नाहीत, हे तिथं कळलं. टू-टूचं स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं, आणि पिन आदळली की ती कड चेपून जाते. मोठ्या काडतुसात बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवतात. तो काढून दुसरा घातला की तीच पुंगळी पुन्हा कामाला येते. हे तेव्हा नुसतं माहितीसाठी होतं. उपयोग पडला लग्नानंतर ओहायोत आल्यावर.

ओहायोत एरी सरोवराच्या काठी, पोर्ट क्लिंटनजवळ कॅम्प पेरी नावाची छावणी आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय रायफल सामने १९०७ पासून तिथं होतात. आमच्या गावच्या क्लबातली निम्मी मंडळी वर्षभर त्याच तयारीत असायची. तिथल्या एका वयस्कर सभासदानं माझ्या हातात त्यांची गॅरंड दिली. जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात घडवलेली, १९३६ मध्ये अमेरिकन सैन्यानं स्वीकारलेली अर्धस्वयंचलित रायफल. आठ काडतुसं एका पत्र्याच्या क्लिपेत. आठवं गेलं की क्लिप ‘टिंग’ करत बाहेर उडते. सगळे त्या आवाजावर भाळतात. मी मात्र गवतात पडलेल्या पुंगळ्या वेचायला धावले. ते गृहस्थ म्हणाले, “हिला शिकवायला हरकत नाही.”

साध्या बोल्ट रायफलीत बोल्ट हातानं उचलावा लागतो. दाब जास्त झाला तर बोल्ट जड लागतो, हाताला तिथल्या तिथं कळतं. अर्धस्वयंचलित रायफल हे सगळं स्वतः उरकते. गोळीमागचा थोडा वायू नळीतल्या छिद्रातून घेऊन ती बोल्ट मागे ढकलते, पुंगळी ओढून फेकते, नवं काडतूस आत सारते. हाताला काही कळायच्या आत. म्हणून आत काय झालं याचा जबाब देणारी एकच गोष्ट उरते, आणि ती चार-सहा फुटांवर पडलेली असते.

हा जबाब घ्यायला मला क्लबातल्या त्या गृहस्थांनी शिकवलं, पण नजर बाबांची होती. पुंगळी कुठे पडते ते आधी बघायचं. रोज चारच्या काट्याच्या दिशेला पडणाऱ्या पुंगळ्या एकाएकी पुढे उडायला लागल्या तर बोल्ट घाईनं मागे येतोय. मग कड: ओढणाऱ्या आकड्यानं तिथं चरा पाडला असेल, तर पुंगळी नळीला चिकटून असतानाच ती खेचली गेली आहे. मग मानेवरची काजळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुडाच्या थोडं वर दिसणारी चकचकीत बारीक रेघ. ती दिसली की टोक वाकवलेली एक तार घेते, पुंगळीच्या तोंडातून आत घालते आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढते. टोक आतल्या बाजूच्या खाचेत अडलं तर भिंत तिथं पातळ झाली आहे; पुढच्या बाराला बूड एकीकडे आणि उरलेलं धड नळीत अशी फाटाफूट होणार. ती पुंगळी पक्कडीनं चेपून टाकायची, म्हणजे चुकूनही ढिगात परत जाणार नाही.

अशा रायफलीत पुंगळीचे हाल होतातच. पुन्हा भरताना तिला पूर्ण मापात दाबून आणावं लागतं, नाहीतर बोल्ट नीट बंद होत नाही. पण पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे रेटला की तीच पातळ रेघ लवकर येते. हे अंतर केसाएवढं असतं आणि ते गेजवरच कळतं. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसलाय की नाही हे मी प्रत्येक नगावर बोट फिरवून बघते. गॅरंड काय किंवा पुढे मी वापरलेली एआर-१५ काय, फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आदळला की तीही पुढे झेपावते. चाप न ओढता काडतूस नुसतं आत सारून बाहेर काढलं, तर प्रायमरवर सुईनं टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो. प्रायमर उंच राहिला, तर बोल्ट पुरता बंद व्हायच्या आतच बार उडू शकतो. तो ठिपका पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून बोट फिरवण्याचा कंटाळा कधी आला नाही.

दारूच्या निवडीतही हेच. ज्यांना वेग हवा ते सावकाश जळणारी दारू जास्त भरण्याच्या मोहात पडतात. गॅरंडला ते सोसत नाही. तिचं वायूचं छिद्र नळीच्या तोंडाशी आहे. गोळी तिथं पोचेपर्यंत दाब चढाच राहिला तर लांबलचक ऑपरेटिंग रॉडला दणका बसतो आणि तो वाकतो. आपल्या सैन्यात वर्षानुवर्षं असलेल्या एसएलआरला वायूचं प्रमाण हातानं कमी-जास्त करायची सोय होती. मूळच्या गॅरंडला ती नाही. म्हणजे रायफल काडतुसाशी जुळवून घेत नाही, काडतूस रायफलीशी जुळवून घ्यावं लागतं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि तराजूचा काटा स्थिरावल्याशिवाय हात पुढे जाणार नाही.

पुढे मी एआर-१५ वर आले, सामन्यांतली बहुतेक मंडळी आली तशी. सर्व्हिस रायफल प्रकारात चापाला किमान साडेचार पौंडांचं वजन पेलावं लागतं, ते सामन्याआधी लटकवून तपासतात. नळीवरचं हातधरण नळीला न टेकेल असं बसवतात, नाहीतर पट्टा ताणला की नळी ओढली जाते आणि गोळी सरकते. एवढं झालं की रायफलीचं काम बरंचसं झालं. उरतं ते काडतूस. दोनशे यार्डांवर बसून साठ सेकंदांत दहा गोळ्या, मध्ये मॅगझीन बदलून. तिथं अचूकतेइतकीच गरज असते ती न अडण्याची. सहाशे यार्डांवर मात्र वीस मिनिटांत वीस गोळ्या, आणि तिथं काडतुसांमधला फरक लपत नाही. वेग थोडा कमी-जास्त झाला की गोळ्या लक्ष्यावर उभ्या रेषेत पसरतात. आडव्या पसरल्या तर सरोवरावरच्या वाऱ्याला दोष देता येतो. उभ्या पसरल्या तर आपल्या टेबलाला. एप्रिलच्या थंडीत जुळवलेलं काडतूस जुलैच्या उन्हात वेगळं वागतं, म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीशेजारी तापमान आहे. पुंगळीचा लॉट, दारूचा लॉट, प्रायमरचा लॉट, आणि कितव्यांदा भरली तेही.

बाबा एकदाच ओहायोला आले. तळघरात माझ्या टेबलाशी बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि भरलेल्या काडतुसांमधून एकेक उचलून गेजमध्ये टाकू लागले. टक, टक, टक. बोलले काहीच नाहीत. एक नग त्यांनी बाजूला काढून ठेवला. मी तो पुन्हा मोजला. मापात होता, पण मान एका बाजूला अगदी किंचित कललेली होती. सरावासाठीच्या डब्यात टाकला.

महाराष्ट्रात आता रायफल नेमबाजी घराघरात पोचली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं. दोघांचीही स्पर्धा पन्नास मीटरची, टू-टूची. तिथं काडतूस भरता येत नाही. पण कारखान्यातून आलेल्या काडतुसांचा कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो, हे तपासण्याचं काम तसंच चिकाटीचं आहे. तुमचं मूल रेंजवर जात असेल तर पुढची महागडी रायफल घेण्याआधी त्याला एक वही घेऊन द्या. लॉटचा नंबर, हवा, तापमान आणि गोळ्या कशा पसरल्या, एवढं रोज लिहायला लावा. आणि पुंगळ्या परत जमा करण्याआधी त्या एकेक करून हातात घेऊन बघायला सांगा.