बिडाचा सांधा

वडिलांच्या पश्चात रेड हिल्सजवळची नारळाची लहानशी बाग माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या छपराखाली गंजत उभा असलेला त्यांचा छोटा ट्रॅक्टरही. वडील पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात होते. १९५५ साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात संपूर्ण पोलादी डबे तयार होत. त्यामुळे ‘सांधा’ हा शब्द आमच्या घरी हाडांपेक्षा लोखंडाच्या संदर्भातच अधिक ऐकू येई.

गेल्या वर्षी मी ते यंत्र दुरुस्तीला काढले. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झाले. अडले ते पुढच्या आसाला पेलणाऱ्या आधारापाशी. सांगाड्याच्या दोन पोलादी पट्ट्यांना जोडणारा हा भाग बिडाचा. तो तडकला होता. तो सोडवून पुदुपेटला नेला. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सुट्या भागांची ही चेन्नईतील जुनी पेठ. तिथे तसा दुसरा भाग मिळाला नाही, पण एक वृद्ध मेस्त्री भेटले. हा शब्द तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला; हाक मारताना मला परकेपणा वाटला नाही.

मेस्त्रींनी भाग रॉकेलने पुसला, कोरडा केला आणि त्यावर खडू घासला. पांढऱ्या थरावर हळूहळू एक ओली रेघ उमटली. भेग आम्हांला दिसत होती त्याहून बोटभर पुढे गेलेली होती.

“याआधी कोणी जोडला होता, सार?”

मी गप्प राहिलो. जोडून आणला होता मीच, १९९६ साली. मद्रासचे चेन्नई झाले त्या वर्षी. “बीड आहे, घाई करू नकोस,” असे वडील म्हणाले होते. मला मुंबईची गाडी गाठायची होती. पोलादाच्या साध्या रॉडने तासाभरात काम उरकून घेतले. काही महिन्यांत भाग पुन्हा तडकला, तेव्हा मी त्यांना लिहिले, “तुम्ही बांधावरून जोरात नेला असेल.” त्यांनी वाद घातला नाही. ट्रॅक्टर छपराखाली लावला आणि पुन्हा कधी बाहेर काढला नाही.

मेस्त्रींनी रेघेवर बोट ठेवले. भेग जुन्या जोडावर नव्हती. त्याला खेटून, त्याच्या बाजूने धावत होती. पोलादापेक्षा बिडात कार्बन कितीतरी अधिक. ते एकाएकी तापून झटकन निवले, की जोडालगत काचेसारखे ठिसूळ होते. पोलाद वाकून सोसते. बीड सोसत नाही, तुटते. जन्मभर लोखंडात वावरलेल्या माणसाला हे पहिल्या दृष्टिक्षेपातच कळले असणार.

मेस्त्रींनी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडली. तिथे ताण विखुरतो आणि भेग पुढे सरकत नाही. जुना जोड खरवडून काढला, भाग सर्व बाजूंनी सावकाश तापवला. निकेलच्या रॉडने इंचभर जोडायचे, हातोडीने हलके ठोकायचे, थांबायचे. मी घड्याळ पाहिले तेव्हा ते म्हणाले, “पोरुमै, सार.” पोरुमै म्हणजे धीर. रात्रभर भाग कोरड्या राखेत पुरून ठेवला.

सकाळी त्यांनी विचारले, “जोड घासून गुळगुळीत करू?”

“नको,” मी म्हणालो. “दिसू दे.”