दादीची माती आणि मिसरच्या ममी

आमच्या शिरोळ तालुक्यात कुणाच्या अंत्यविधीला निघालं की 'मातीला जाऊन येतो' म्हणतात. मयत हिंदूची असो की मुसलमानाची, पुढे चिता पेटणार असो की कबर खोदायची असो, शब्द एकच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दादी गेली तेव्हा मात्र गावात द्यायला मातीच शिल्लक नव्हती. सगळीकडे पाणी होतं.

आमचं गाव नृसिंहवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वाडीत कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे, त्यामुळे पूर आम्हाला नवा नाही. दरवर्षी पाणी दत्ताच्या देवळात शिरतं. ते उत्तरेकडून आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. शिखर नसलेलं ते देऊळ विजापूरच्या आदिलशहानं बांधून दिलं असं वाडीत सांगतात. लहानपणी ही गोष्ट आम्ही जरा छाती फुगवूनच ऐकायचो. पण त्या वर्षीचं पाणी सोहळ्याचं नव्हतं. देऊळ गेलं, घाट गेला, गल्ल्या गेल्या आणि आमचं कबरस्तानही गेलं. दादीला बोटीतून काढून जयसिंगपूरला फुफीच्या घरी नेलं होतं. ईद तीन दिवसांवर असताना, शुक्रवारी पहाटे, ती तिथंच वारली.

अब्बांनी हट्ट धरला, अम्माला गावीच न्यायचं, दादाजानच्या शेजारी. पाणी एकदोन दिवसांत उतरेल, तोवर थांबू. कुणीतरी भाड्याची फ्रीजरची पेटी आणली. काचेचं झाकण, बाजूला घरघरणारी मोटर. फुफीच्या बाहेरच्या खोलीत ती पेटी ठेवली आणि आम्ही भिंतीला टेकून बसलो. अब्बा निवृत्त प्राथमिक शिक्षक, इतिहास त्यांचा आवडीचा विषय. रात्री दोनच्या सुमाराला ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मिसरवाले सत्तर दिवस ठेवायचे."

सत्तर दिवसांचा तो हिशेब मी नंतर नीट वाचून काढला.

पहिली गोष्ट अशी की ममी बनवणं सुरू होण्याआधी मिसरमध्ये ममी आपोआप बनत होत्या. नाईलच्या काठाची काळी माती पिकासाठी, आणि तिच्यापलीकडचं लाल वाळवंट मेलेल्यांसाठी, अशी तिथं वाटणी होती. काठावर पुरलं तर दरवर्षीचा पूर कबरी खाणार, म्हणून माणसं पाण्याच्या हद्दीबाहेर, वाळूत पुरत. ती कोरडी गरम वाळू शरीरातलं पाणी शोषून घ्यायची. कुजायला ओल लागते, ओलच नाही तर कुजणार काय? साडेपाच हजार वर्षांपूर्वीची अशी वाळूतली शरीरं केसांसकट सापडली आहेत. पुढे श्रीमंतांनी आपल्या माणसांसाठी पेट्या आणि दगडी खोल्या केल्या. वाळूचा स्पर्श तुटला आणि आतली शरीरं सडायला लागली. वाळू गरिबाला जे फुकट देत होती ते आता श्रीमंताला हातानं करून घ्यावं लागलं.

ते करायची पद्धत अशी. नाकातून आकडा घालून मेंदू काढून टाकायचे, त्याची त्यांना किंमत नव्हती. डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी बाहेर काढायची आणि सुकवून चार बरण्यांत ठेवायची. ही चीर देणाऱ्या माणसाबद्दल ग्रीक इतिहासकार डायोडोरसनं लिहून ठेवलंय की काम होताच तो पळत सुटायचा आणि बाकीचे त्याच्यामागे दगड मारत, शिव्याशाप देत धावायचे. काम सगळ्यांना हवं होतं, पण आपल्या माणसाच्या अंगाला शस्त्र लावणारा कुणालाच नको होता. मग शरीर नेट्रॉन नावाच्या खाराच्या ढिगात साधारण चाळीस दिवस गाडून ठेवायचे. नेट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराचा भाऊबंद, त्यात थोडं मीठही. कोकणात मासळी खारवून सुकवतात त्यामागचं तत्त्व हेच. नंतर तेलं, राळ, आणि शेकडो हात तागाच्या कापडाच्या पट्ट्या. सगळे मिळून सत्तर दिवस. हेरोडोटसनं तर तीन दर सांगितलेत, महागाचा, मधला आणि स्वस्तातला. मेल्यावरही ऐपत पाहिली जायची. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली. ती आपल्याच मलबारच्या किनाऱ्याकडून गेलेली असणार, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी.

हे सगळं कशासाठी? मरणाला घाबरून, असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्यांची समजूत वेगळी होती. माणसाचा एक अंश मेल्यावर पाखरू होऊन दिवसा हिंडतो आणि रात्री परत येतो. परत आल्यावर त्याला आपलं शरीर ओळखू आलं पाहिजे. चेहरा गेला तर घर हरवलं. हृदय मात्र ते छातीतच ठेवायचे, कारण पुढे त्याचं वजन होणार, एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्याचं पीस. मीझानची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पुन्हा उठायचंय हे तेही मानत होते, आपणही मानतो. फरक एवढाच की त्यांना वाटायचं, उठायला शरीर जपून ठेवलं पाहिजे. आपण म्हणतो, ज्यानं एकदा मातीतून घडवलं त्याला पुन्हा घडवणं अवघड नाही.

इथं थोडं विषयांतर करतो. फिरौनच्या ममीत मीठ सापडलं, म्हणून तो समुद्रात बुडाल्याचं सिद्ध झालं, असा संदेश दर रमजानमध्ये फोनवर येतो. सूरह यूनुसमध्ये फिरौनचं शरीर मागच्यांसाठी निशाणी म्हणून राखण्याचा उल्लेख आहे, त्यावर माझा ईमान आहे. पण कुठला फिरौन हे कुरआन सांगत नाही, आणि मीठ तर खारात सुकवलेल्या कुठल्याही ममीत सापडणारच. अल्लाहच्या निशाणीला असल्या कच्च्या पुराव्याचा टेकू देऊ नये असं मला वाटतं. 'ममी' हा शब्ददेखील अशाच गैरसमजातून आला. मूळ फारसी 'मोम', आपल्या मोमबत्तीतला. त्यावरून 'मूमिया', म्हणजे डोंगरातून पाझरणारं डांबरासारखं औषध. हकीम लोकांची मोमियाई तीच. ममीवरची काळी राळ पाहून लोकांना तीही मूमिया वाटली, आणि पुढे युरोपात ममी कुटून औषध म्हणून शेकडो वर्षं विकली गेली. ज्या शरीरांना कायमचं राहायचं होतं त्यांची अशी पूड झाली.

पण त्या रात्री हे काही डोक्यात नव्हतं. मोटर घरघरत होती. शनिवारी सकाळी बातमी आली की पाणी हटायचं नाव घेत नाही. जमातीतले एक बुजुर्ग येऊन बसले. "मास्तर, जिथलं दाणापाणी संपलं तिथलीच माती," एवढंच म्हणाले. अब्बा बोलले नाहीत. तेव्हा फुफी दारातून म्हणाली, "भाई, हैदराबाद में अम्मा क्या बोली थी, याद है?"

मलाही आठवलं. मी सातवीत असताना अब्बांनी सगळ्यांना हैदराबाद दाखवलं होतं. तिथल्या राज्य संग्रहालयात निजामाच्या काळात आलेली एक ममी आहे, नैशू नावाच्या मुलीची. आम्ही पोरं काचेला नाक लावून उभी, अब्बा फलक वाचून समजावून सांगत होते. दादीनं पदर डोक्यावर पुढे ओढला, दुआला हात उचलले आणि म्हणाली, "बिचारी को अब तक मिट्टी नसीब नहीं हुई." एवढं बोलून ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. आमचं बघून होईपर्यंत आत आली नाही.

अब्बा उठले आणि त्यांनी पेटीचं बटण बंद केलं.

बायकांनी गुस्ल दिलं. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर, मग पाच कपड्यांचं कफन, सजद्यात टेकणाऱ्या जागांना कापूर. पाणी, सुगंध, कापड, मिसरवाल्यांकडेही हेच सामान होतं. आमचं अर्ध्या तासात आटोपलं. जुहरनंतर जयसिंगपुरात दादीला माती दिली. तीन मुठी टाकून झाल्यावर अब्बांनी चौथी भरली, मग ती तशीच हातात धरून उभे राहिले.

पाणी उतरल्यावर आम्ही गावी गेलो. कबरस्तानात गुडघाभर गाळ होता. दादाजानची कबर कच्चीच, उशाशी फक्त एक दगड. तो दगड गेला होता, शेजारच्या कबरींचे उंचवटेही गेले होते. सगळं एकसारखं सपाट. अब्बा लिंबाच्या झाडापासून पावलं मोजू लागले, चुकले, पुन्हा मोजली. मग थांबले आणि त्या अख्ख्या चिखलाकडे तोंड करून त्यांनी फातिहा पढली.

आता शब-ए-बारातला ते आधी जयसिंगपूरला जातात, तिथून एसटीनं गावी. गावी नेमकं कुठं उभं राहायचं हे ठरलेलं नाही. गेल्या वेळी लिंबाच्या पूर्वेला उभे होते.