मान दुखते, पण दुखणे कुठले?

ट्रॅपिझियस हा पाठीच्या सर्वांत वरच्या थरातला रुंद, चपटा स्नायू. कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत मधल्या रेषेवर त्याचा उगम असतो. तिथून तो दोन्ही बाजूंना जाऊन कॉलरबोनचा बाहेरचा भाग, खांद्याचे टोक आणि खांद्याच्या फऱ्यावरची आडवी कड यांना जोडला जातो.

त्याच्या तंतूंचे तीन भाग पडतात. वरचे तंतू खांदा उचलतात, मधले फरा कण्याकडे ओढतात आणि खालचे तो खाली खेचतात. वरचे आणि खालचे तंतू एकाच वेळी आखडले की फरा वळतो आणि खांद्याची खोबण वर तोंड करते. हात पूर्ण वर नेताना सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश खांद्याच्या सांध्यात मिळतात, उरलेले ६० फऱ्याच्या या वळण्यातून. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या पाठीमागे उभा राहतो, फऱ्याच्या खालच्या टोकावर अंगठा टेकवतो आणि हात सावकाश वर न्यायला सांगतो. ते टोक बाहेर सरकायला हवे. ते अडखळत असेल आणि खांदाच कानाकडे चढत असेल, तर वरचे तंतू खालच्यांचेही काम ओढत असण्याची शक्यता असते.

डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो, आणि त्याचा भार मणक्यांच्या थोडा पुढे पडतो. बसल्या बसल्या डुलकी लागली की डोके पुढे कलते ते यामुळेच. हा भार तोलण्याचे मुख्य काम ट्रॅपिझियसखालच्या स्प्लेनियस आणि सेमिस्पायनॅलिस या स्नायूंचे. मान जितकी पुढे झुकेल, तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड चेहरा विरुद्ध बाजूला वळवतो. बाजूच्या स्केलीन स्नायूंच्या फटीतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिनी जातात. लेव्हेटर स्कॅप्युली मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यापर्यंत येतो. ‘मान धरली’ असे सांगणारा रुग्ण अनेकदा नेमके याच कोपऱ्यावर बोट ठेवतो.

ट्रॅपिझियस आणि स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड या दोघांनाही हालचालीची आज्ञा मेंदूच्या अकराव्या नसेकडून मिळते. ही नस मानेच्या बाजूला कातडीच्या फार जवळून जाते. तिथली गाठ काढताना तिला इजा झाली, तर खांदा खाली झुकतो आणि हात बाजूने डोक्यावर नेणे कठीण होते. मानेवरच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखू लागला, तर ही शक्यता तपासलीच पाहिजे.

ताठरलेले वरचे तंतू चोळले, शेकले की बरे वाटते, पण फऱ्याची चाल तशीच राहिली तर दुखणे परतते. पालथे झोपून, अंगठे वर ठेवून, दोन्ही हात डोक्यापलीकडे तिरके उचलण्याचा व्यायाम खालच्या तंतूंना कामाला लावतो. हाताला मुंग्या येत असतील, बळ कमी झाले असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर मात्र व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे. एरवीही मानेची तपासणी मानेवर संपत नाही. फरा हलताना पाहिला, तरच ती पूर्ण होते.