लिव्हर दुसऱ्याच्या हातात दे

शिरपूर,
६ एप्रिल २०२५

चि. बापूस,


परवा फोनवर तू बोटीच्या तीन तक्रारी एका दमात सांगितल्यास. गिअर टाकताना लिव्हर जड जातो, रिव्हर्स पडताना खडखड होते आणि न्यूट्रलला आणल्यावर इंजिनाची रेस पटकन उतरत नाही. शेवटी म्हणालास, "पण मामा, आता हात बसलाय, चालवून घेतो." त्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तक्रारी पाना-पकडीने मिटतील, पण हे वाक्य तुझ्या मनातून काढायला हवं.

माझं आयुष्य मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. बिजासन घाट उतरून आलेल्या किती ट्रकचे ब्रेक या हातांनी उघडले, त्याचा हिशेब नाही. ४ जुलै २०२३ ला आपल्याच तालुक्यात, पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडका देत महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. कुठल्याही ड्रायव्हरला विचार, ब्रेक नरम लागतो म्हणून पाय जोरात दाबायची सवय कर, असं तो आपल्या मुलाला सांगेल का? बोटीला तर ब्रेकच नसतो. थांबायचं तर रेस उतरवायची, न्यूट्रलला यायचं आणि वेळ पडली तर रिव्हर्स टाकायचा. म्हणजे ज्याला तू गिअरचा लिव्हर म्हणतोस, तोच तुझा एक्सिलेटर आणि तोच तुझा ब्रेक.

आणि तुझं पाणी साधं नाही. सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांच्या जमिनीत नर्मदा शिरते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांना दवाखाना, शाळा, बाजार गाठायचा तर बोटीवाचून गत नाही. सरकारी दवाखानासुद्धा तिथे बोटीतून फिरतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली करोनाच्या दिवसांत स्वतः होडी वल्हवत गरोदर बायका आणि लहान मुलांपर्यंत पोचत होत्या. त्यांचा हात आणि पाणी यांच्यामध्ये एक वल्हं होतं, बस. वल्ह्याला काय होतंय ते हाताला लगेच कळतं. तुझा हात आणि पंखा यांच्यामध्ये मात्र लिव्हरचा डबा आहे, दोन लांब केबली आहेत आणि पाण्याखालचा गिअर आहे. बिघाड यातला कुठलाही असो, हाताला सगळं सारखंच लागतं, जड. म्हणून अंदाज बांधू नकोस, साखळीचा एकेक दुवा सोडवून बघ.

आधी रचना समजून घे. तुझा लिव्हर एकच असला तरी कामं दोन करतो, आणि ठरलेल्या क्रमाने. न्यूट्रलपासून सुरुवातीचा साधारण तीस अंशांचा प्रवास फक्त गिअर टाकण्यासाठी असतो. त्यापुढे ढकललास की रेस वाढू लागते. म्हणजे गिअर पडतो तेव्हा इंजिन सगळ्यात मंद फिरत असायला हवं. केबल ताणली, ढिली झाली किंवा चुकीच्या जागी बसवली की हा क्रम बिघडतो आणि चढत्या रेसमध्ये गिअर पडतो. तुझी खडखड आणि न उतरणारी रेस या दोन तक्रारी वाटतात, पण मूळ एकच असू शकतं.

आता तपासणी. इंजिन बंद, किल्ली तुझ्या खिशात, स्पार्क प्लगच्या वायरी काढलेल्या. पंख्याजवळ हात न्यायचा असल्याने यात सूट नाही. सोडवण्याआधी दोन्ही केबलींच्या टोकांचे मोबाइलवर फोटो काढ. मग इंजिनाकडची टोकं मोकळी कर आणि तीन गोष्टी बघ.

पहिली, इंजिनावरचा गिअरचा दांडा हाताने पुढे-मागे कर आणि त्याच वेळी जोडीदाराला पंखा हाताने फिरवायला सांग. पंखा फिरवल्याशिवाय दात खाचांसमोर येत नाहीत आणि चांगला गिअरही अडकल्यासारखा वाटतो. दांडा सहज सरकला तर पाण्याखालच्या भागात मोठी अडचण नाही.

दुसरी, कार्ब्युरेटरचा रेस दांडा उघडून सोड. स्प्रिंगने तो चटकन आपल्या टेकूवर परत आला पाहिजे. केबल सुटलेली असतानाही तो रेंगाळला, तर केबलीला दोष देऊ नकोस. तिथली घाण साफ कर, सांधे आणि स्प्रिंग बघ. दांडा नीट परत येतो आणि तरी इंजिनाची रेस चढीच राहते, असं असेल तर कार्ब्युरेटरच्या पॅकिंगमधून हवा ओढली जाते का ते तपास.

तिसरी, आता मोकळा लिव्हर हलव. हलका झाला तर अडचण इंजिनाकडे होती. अजून जड असेल तर डबा उघड, केबली तिथूनही सोडव आणि प्रत्येकीचा आतला गज हाताने ढकलून-ओढून बघ. गज अडखळला तर केबल गेली. गज मोकळा आणि लिव्हर जड, तर डब्यातलं सुकलेलं ग्रीस, झिजलेली बुशी किंवा रेसचा ताण ठरवणारा स्क्रू बघ. रेस आपोआप उतरू नये म्हणून कोणीतरी तो स्क्रू आवळून ठेवलेला असतो आणि नंतरचा मालक भलतीकडेच शोधत बसतो.

जुन्या बोटीत माझा पहिला संशय केबलीवर असतो. मोटारसायकलची एक्सिलेटर वायर फक्त ओढते, परत आणायचं काम स्प्रिंग करते. बोटीची केबल ओढते तशी ढकलतेही. म्हणून तिचा गज जाड असतो, आणि म्हणूनच तिला तीव्र वळण सोसत नाही. वळणाची त्रिज्या वीस सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नकोस. वरच्या आवरणाला चीर असेल, ते कुठे फुगलं असेल किंवा टोकाशी तांबूस ओघळ दिसत असतील, तर पाणी आत गेलं असं धर. तेल सोडल्याने चार दिवस हलकं वाटेल, गंज मात्र आत तसाच राहील. अशी केबल बदलायची, आणि एक गेली तर दुसरीही त्याच वयाची आहे हे लक्षात ठेव. ट्रॅक्टरची किंवा मोटारसायकलची वायर जोडून काम भागवू नकोस. आपल्याकडे बोटीची केबल सहज मिळत नाही, मुंबईहून मागवावी लागेल. म्हणून टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजून आणि आवरणावर छापलेला क्रमांक लिहून मला पाठव.

आणखी एक खूण सांगतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवून सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. सुकाणू वळताना रेस बदलली, तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे. बहुधा कोणीतरी ती नायलॉनच्या पट्टीने घट्ट बांधलेली असते. इंजिन बंद करून वर उचलतानाही केबली कुठे दबतात का ते बघ.

पाण्याखालच्या गिअरबद्दलही सांगतो, कारण तिथे तुझी सवय थेट नुकसान करते. पुढचा आणि मागचा असे दोन गिअर सतत उलटसुलट फिरत असतात. मध्ये पंख्याच्या शाफ्टवर एक दातेरी तुकडा सरकतो आणि ज्या गिअरला भिडतो त्या दिशेने पंखा फिरू लागतो. ट्रकच्या गिअरपेटीत वेग जुळवून घेणारी कडी असते, तशी इथे काही नाही. दात चौकोनी असतात, एक तर पूर्ण बसतात किंवा एकमेकांवर आपटतात. लिव्हर जड म्हणून तू तो हळूहळू सरकवतोस, आणि तेवढा वेळ दातांचे कोपरे झडत राहतात. कोपरे गोल झाले की जोर लागताच गिअर सुटतो, आणि मग काम केबलीवर भागत नाही, खालचा भाग उघडावाच लागतो. रेस पूर्ण उतरव आणि गिअर एका निश्चयी हालचालीत टाक. त्यात घाई नको, पण रेंगाळणंही नको.

नवी केबल बसवताना आधी गिअर जुळव, मग रेस. लिव्हर आणि इंजिन दोन्ही न्यूट्रलला. केबलीत थोडी ढील असतेच, तिच्या बरोबर मध्यावर टोक आणून ते ताण न देता खाचेत बसवलं पाहिजे. टोकाचा तुकडा किमान आठ मिलिमीटर आट्यांवर चढलेला हवा, आणि मागची नट आवळलेली. मग पंखा फिरवत पुढचा आणि मागचा गिअर पूर्ण पडतो का ते बघ. त्यानंतर रेस. न्यूट्रलला दांडा टेकूला टेकलेला, पूर्ण पुढे नेल्यावर शेवटच्या टेकूला भिडलेला, आणि तेव्हाही केबल वाकलेली नको. मंद रेस किती ठेवायची ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कानाच्या भरवशावर राहू नकोस. गिअरमध्ये असताना किल्लीने इंजिन सुरू होत नाही ना, हेही बघ.

दुरुस्ती झाली की लगेच माणसं बसवू नकोस. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट, घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. इंजिनात बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला, असं नौदलाने तेव्हा सांगितलं. नौदलाकडे माणसं शिकलेली आणि साधनं उत्तम, तरी हे घडलं. आपण तर काठावर पाना घेऊन बसलेली माणसं. पहिली चाचणी बोट काठाला दोन्ही बाजूंनी पक्की बांधून, पंखा पूर्ण पाण्यात ठेवून घे. दुसरी मोकळ्या पाण्यात, जिथे पुढे होडी, जाळं, माणूस काही नाही. कोरडं इंजिन चालवू नकोस, पाण्याशिवाय त्याचा पंप जळतो.

रेस अडकलीच, तर वेगात रिव्हर्स टाकायचा प्रयत्न करू नकोस. इंजिन बंद करणारी लाल दोरी ओढ. म्हणून ती मनगटाला किंवा जाकिटाला अडकवलेली हवी, खिळ्याला टांगलेली नको. इंजिन थांबलं की सुकाणूची ताकदही बरीचशी जाते, तेव्हा वल्हं आणि नांगर हाताशी असू दे. लाइफ जॅकेटांबद्दल वेगळं लिहीत नाही, प्रत्येकाच्या अंगावर, एवढंच.

आता त्या वाक्याकडे येतो. हात बसणं ही चांगली गोष्ट आहे, पण हात बसला की बिघाड दिसेनासा होतो. लिव्हर महिन्याला थोडा थोडा जड होतो, तुझा जोर तेवढाच वाढतो, आणि तुला वाटतं काही बदललं नाही. बिघाड नाहीसा झालेला नसतो, तू तो अंगावर घेतलेला असतोस. एखाद्या दिवशी तू तापाने पडशील आणि पाड्यावरची अडलेली बाई दवाखान्यात न्यायला तुझा जोडीदार बोट काढेल. काठ जवळ येईल, तो न्यूट्रल टाकेल, आणि तुझ्या हाताला ठाऊक असलेली ती जादा ढकल त्याच्या हाताला ठाऊक नसेल. म्हणून आठवड्यातून एकदा लिव्हर त्याच्या हातात दे आणि तू नुसता बसून बघ. तो जिथे अडेल, तिथे बोट बिघडली आहे. त्याला शिकवून ती अडचण मिटवू नकोस, पाना घे.

पावसाआधी हे काम उरकायला हवं. पाणी उतरलेलं आहे तोवर बोट काठावर ओढता येते. ताईला नमस्कार सांग. आखाजीला येशील तेव्हा काढलेल्या जुन्या केबली फेकून न देता पोत्यात घालून आण. एक उभी चिरून तुला आतला गज दाखवतो. तेल का पुरत नाही ते मग पुन्हा सांगावं लागणार नाही.

तुझा,
मामा