‘कारणे द्या’मधलं तुर्कस्तान

‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले.’ आठवलं? युरोपियनांनी भारताकडे येणारा सागरी मार्ग का शोधला, कारणे द्या. परीक्षा संपली आणि आपण ते शहर विसरून गेलो. माझ्या आईला ती सोय नव्हती. तिनं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं. ते शहर बघणं मात्र राहूनच गेलं. तिचा पहिला पासपोर्ट एकही शिक्का न बसता एक्स्पायर झाला.

त्यामुळे माझी पहिली फॉरेन ट्रिप ठरली तेव्हा बँकॉक-पट्टायाचे सगळे स्वस्त पॅकेजेस बाजूला राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघी इस्तंबूलला उतरलो. घाई होती, कारण डिसेंबरमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. (मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षानंतर अनेकांनी तिथली बुकिंग्ज रद्द केली. जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.)

इस्तंबूल म्हणजे पाण्यावर जगणारं शहर. गलाता पुलावर सकाळपासून गळ टाकून माणसं उभी असतात, पुलाच्या पोटात हॉटेलं आणि समोरून फेऱ्या धावतात. एमिनोनूहून काडिकोयला साधारण वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुम्ही युरोपातून आशियात पोचता! आपण तेवढ्या वेळात दादरहून अंधेरीलाही पोचत नाही. फेरीत छोट्या कमरेच्या ग्लासातून बिनदुधाचा चहा मिळतो. आईनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी दुसरा ग्लास मागितला. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये: मसूरच्या डाळीचं सूप सगळीकडे मिळतं आणि ‘आयरान’ म्हणजे चक्क आपलं खारं ताक.

गोल्डन हॉर्नच्या काठावर आईमधली शिक्षिका जागी झाली. इथल्या खाडीच्या तोंडावर बायझंटाइन लोकांनी साखळी लावली होती. मग एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमेदनं जहाजं टेकडीवरून, जमिनीवरून ओढत पलीकडे नेली. ‘हे पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं,’ ती म्हणाली. हागिया सोफियात तर ती बोललीच नाही. ५३७ साली बांधून पूर्ण झालेलं चर्च, १४५३ नंतर मशीद, मग विसाव्या शतकात म्युझियम आणि २०२० पासून पुन्हा मशीद. आम्हा पर्यटकांना वरच्या गॅलरीतूनच बघायला मिळालं, तिकीट २५ युरो. महाग आहे, पण वसूल. आणि हो, तुर्की भाषेत इतिहासालाही ‘तारिह’ म्हणतात आणि तारखेलाही. आई त्यावर दिवसभर खूश होती.

इस्तंबूलहून इझमिरपर्यंत विमान आणि तिथून सेल्चुकपर्यंत ट्रेन. सेल्चुकला लागून एफेसस आहे. फोटोत सगळे सेल्ससच्या लायब्ररीसमोर उभे असतात. दुसऱ्या शतकातली ही दोन मजली दर्शनी भिंत १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली गेली. सुंदर आहेच, पण मला लक्षात राहिलं ते थिएटर. सुमारे २५ हजार प्रेक्षक मावतील एवढं, म्हणजे वानखेडेपेक्षा थोडं लहान. आईला वर चढायचंच होतं. मी नको म्हटलं, ती चढली. एकेका पायरीवर थांबत, कडेच्या दगडाला धरत, अर्ध्यापर्यंत. तिथून समोर संगमरवरी रस्ता सरळसोट बंदराकडे जाताना दिसतो. फक्त बंदर दिसत नाही. रस्ता झाडाझुडपांत जाऊन संपतो.

‘समुद्र कुठाय?’ मी विचारलं.

समुद्र काही किलोमीटर मागे गेलाय. नदीनं शतकानुशतकं गाळ आणून टाकला, तो उपसायचे प्रयत्न झाले, पण बंदर बुजत गेलं, व्यापार गेला, मग माणसंही गेली. ‘आपल्या सोपाऱ्यासारखं,’ आई धापा टाकत म्हणाली. नालासोपारा म्हटलं की मला फक्त विरार लोकलची गर्दी आठवते. तिला मौर्य काळातलं बंदर आठवलं. तिथंही खाडी गाळानं भरली. आम्ही दोघी बराच वेळ तिथंच बसलो. खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिथून दक्षिणेला, काशला (हो, उच्चार हाच) जायला दिवसभराचा बसप्रवास झाला. वाटेत अटेंडंट चहा-केक घेऊन फिरतो, बाकी डोंगर आणि झोप. काश हे टुमदार बंदर आहे, गल्लीत मधोमध दगडी लिशियन थडगं उभं आणि समोर दिसणारं बेट ग्रीसचं.

काशहून बोटीनं केकोवाला गेलो. इथं एफेससच्या उलट झालंय. भूकंपानं जमीन खचली आणि गावाचा काठ पाण्यात गेला. भिंती अर्ध्या वर, अर्ध्या खाली. डोंगरात खोदलेला जिना खाली उतरत उतरत निळ्या पाण्यात शिरतो आणि तळापर्यंत दिसत राहतो. त्या भागात पोहायला बंदी आहे, बोट फक्त हळू करतात. आई कठड्याला धरून पायऱ्या मोजत होती. ‘या बऱ्या आहेत,’ म्हणाली, ‘चढाव्या लागत नाहीत.’

पुढच्या खाडीत बोट थांबली आणि पोरंटोरं धडाधड पाण्यात उड्या मारू लागली. आईनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बोटीच्या शिडीवर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी अजून कोमट होतं. कॅप्टननं भोंगा वाजवला.

‘त्याला सांग, अजून पाच मिनिटं,’ आई म्हणाली.