मिलमचे दगडी करारपत्र

कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम हे शौका व्यापाऱ्यांचे गाव. उन्हाळ्यात येथे जव, कुट्टू पिकवावे, शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य-गूळ लादून ऊंटाधुरा खिंडीने तिबेटात न्यावे, मीठ व लोकर आणावी आणि हिवाळ्यात मुनस्यारीकडे उतरावे, असा त्यांचा जीवनक्रम होता.

व्यापारमैत्री जुळली, की एक दगड फोडून दोघे एकेक तुकडा जपून ठेवीत. पुढे मालकाऐवजी दुसरा कोणी तो तुकडा घेऊन गेला आणि दोन्ही जुळले, की माल बिनदिक्कत हवाली होई. आपली हुंडी याहून कितीशी निराळी?

१९६२ च्या युद्धाने खिंड बंद झाली. पत शाबूत होती. पेठच नाहीशी झाली. बहुतेक घरे ओस पडली. काही कुटुंबे मात्र अजूनही उन्हाळ्यात वर जाऊन बटाटा लावतात.