गव्हाविना उटणं : खापरच्या मुक्कामातून

नंदुरबारहून निघून तापी ओलांडली, तळोदा नि अक्कलकुवा मागे टाकलं, की गुजरातच्या हद्दीअलीकडे खापर लागतं. जवळच सातपुड्याच्या रांगा आणि बाजारात मराठी, अहिराणी, गुजराती, भिली अशा चार बोली एकदम कानावर पडतात. खान्देशात खापर म्हटलं की मांडे भाजायचं मातीचं भांडंच आधी आठवतं. पण इथे राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या घरी मांडे आणि पोळ्या दोन्ही बंद! त्यांच्या मुलीला सीलिअॅक आहे. गहू आणि जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की या विकारात आतड्याला इजा होते. गव्हाशी असलेला हा संबंध डिक नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

खाण्याचं तसं अडत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, मोलगीकडची भगर आहे. अडलं ते अंगाला लावायच्या वस्तूंपाशी. थंडीत मुलीचे ओठ फुटलेले, हात खरखरीत. पण भीतीपोटी ती काहीच लावीना.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. धड कातडीतून ग्लुटेन आत शिरून सीलिअॅक बळावत नाही. जपायचं ते ओठांच्या मलमाला नि लिपस्टिकला, कारण ती पोटात जातात. हाताचं क्रीमही तसंच. जेवणाआधी हात धुवावेत. गव्हाची अॅलर्जी मात्र वेगळी, तिथे कातडीवरूनही त्रास होतो. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला एक साबण २००४ ते २०१० या काळात खपला आणि तो वापरून दोन हजारांहून अधिक जणांना गहू खाणंही बाधू लागलं.

म्हणून वेष्टन वाचावं. ‘ट्रिटिकम’ म्हणजे गहू, ‘होर्डियम’ म्हणजे जव. ‘व्हीट जर्म ऑइल’ किंवा ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ दिसलं तर ती डबी परत ठेवावी.

घरच्या उटण्यात आपण सवयीने कणीक किंवा गव्हाचा कोंडा घालतो. त्याऐवजी मसुराची डाळ निवडून घरच्याच मिक्सरवर दळावी. दोन चमचे पीठ, चिमूटभर हळद आणि कालवण्यापुरतं दूध पुरे होतं. गिरणीत मात्र देऊ नये. आधीच्या गव्हाचं पीठ त्यात मिसळतं. भाकरीच्या पिठालाही हाच नियम.

ओठांसाठी साजूक तूप आहेच. शिवाय सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि भेगाळलेल्या टाचांना चांगलं. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून दोन दिवस पाहावी. खाज सुटली, लाली आली, तर ती आपली नव्हे. घरची आहे म्हणून सगळ्यांना सोसेलच असं नाही. नाजूक कातडीला हळदही कधी झोंबते.

आणि कोपरं, गुडघे, कुल्ल्यांवर सारखे खाजरे फोड उठत असतील, तर उटण्यांत वेळ न दवडता कातडीच्या डॉक्टरांना दाखवावं. सीलिअॅकमुळेही तसे फोड येतात. रक्ततपासणी होईपर्यंत मनानेच गहू सोडू नये. सोडला तर तपासणीत रोग सापडत नाही आणि मुलीचे हाल मात्र लांबतात.